दिवसाला वीतभर : पाण्यातल्या शेवाळाचा बुडण्याचा वेग कसा मोजतात

दहा मायक्रॉन व्यासाची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, एखादी गोल हिरवी पेशी अगदी निश्चल पाण्यात सोडली तर चोवीस तासांत ती साधारण वीतभर खाली जाते. भिंतीवरच्या घड्याळात तासकाट्याचं टोक याच्या तीन-चार पट वेगानं सरकतं. एवढ्या संथ गोष्टीचा वेग मोजायचा कशाला, आणि मोजायचाच तर कसा, असे दोन प्रश्न एम.एस्सी.ची प्रत्येक नवी बॅच विचारते. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत देऊन होतं. दुसऱ्याचं देता देता प्रॅक्टिकलची वेळ संपते.

आधी पहिलं. नागपुरातले अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर, यांपैकी कुठल्याही तलावाच्या काठावर उभं राहा. पाण्याचा जो हिरवा रंग दिसतो तो बहुतेक वेळा पाण्याचा नसतोच, पाण्यात अधांतरी असलेल्या असंख्य सूक्ष्म पेशींचा असतो. यांना वनस्पती प्लवक किंवा सरळ फायटोप्लँक्टन म्हणतात. त्यात सिलिकाचं कवच असलेले डायटम येतात, हिरवी शेवाळं येतात, आणि ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो पण जे खरं तर जिवाणूंच्या कुळातलं आहे, तेही येतं. सगळ्यांना हवं असतं ऊन, आणि ऊन फक्त वरच्या थरात मिळतं. दाट हिरव्या तलावात मीटर-दीड मीटर खाली गेलं की पेशीचं पोट भरेल एवढा उजेड उरत नाही. रोज वीतभर या हिशेबानं, पाणी ढवळणारं कोणी नसेल, तर आठवड्याभरात ती अंधारात पोचते.

समुद्रात हाच हिशेब जगाच्या पातळीवर जातो. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं काम समुद्रातल्या अशा पेशी करतात. त्यांनी शोषून घेतलेला, हवेतून आलेला कार्बन वरच्या वरच पुन्हा हवेत जातो की खोल पाण्यात उतरून शतकानुशतकं तिथंच राहतो, हे बऱ्याच अंशी त्या किती वेगानं बुडतात यावर ठरतं. हवामानाची गणितं करणाऱ्या मंडळींना हा आकडा लागतो तो यासाठी.

या वेगाचं सूत्र मात्र शेवाळाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसानं दिलं. केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांना चिंता होती लंबकाची. भोवतालच्या हवेच्या घर्षणामुळे लंबकाच्या आंदोलनात किती फरक पडतो, हे त्यांना काढायचं होतं. १८५१ सालच्या त्या प्रबंधात त्यांनी द्रवातून सावकाश खाली जाणाऱ्या गोळीचा वेगही मांडला, आणि ढगातले बारीक थेंब भदकन खाली का येत नाहीत तेही जाता जाता सांगून टाकलं.

सूत्र शब्दांत असं. गोळीला खाली ओढते ती तिच्या आणि पाण्याच्या घनतेतली तफावत. तिला अडवतो तो पाण्याचा चिकटपणा. तफावत दुप्पट झाली की वेग दुप्पट, चिकटपणा दुप्पट झाला की वेग निम्मा. आणि आकाराच्या बाबतीत वेग त्रिज्येच्या वर्गानं वाढतो. इथं जरा थांबायला हवं. आकार दुप्पट, तर वेग चौपट. आकार दसपट, तर वेग शंभरपट. पुढं जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं या वर्गातूनच निघतं.

आकडे घालून बघू. पेशी पाण्यापेक्षा ५ टक्के जड धरली, म्हणजे दर घनमीटरला ५० किलोचा फरक. त्रिज्या ५ मायक्रॉन. पाणी २० अंश सेल्सिअसचं. उत्तर येतं सेकंदाला २.७ मायक्रॉन, दिवसाला सुमारे ०.२४ मीटर. व्यास १० ऐवजी २० मायक्रॉन केला की तीच पेशी दिवसाला जवळपास मीटरभर उतरते.

चिकटपणाचा भाग लोक सोडून देतात, आणि नागपुरात तो सोडून चालत नाही. पाणी तापलं की पातळ होतं. शास्त्रज्ञांच्या एककात सांगायचं तर १० अंशांना पाण्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, १.३१ मिलिपास्कल-सेकंद असते, २० अंशांना १.००, आणि ३० अंशांना ०.८०. थंड देशातल्या १० अंशांच्या तळ्यातली पेशी उचलून आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ३० अंशांच्या पाण्यात सोडली तर, पेशीत काहीही बदल न होता, ती दीडपटीहून जास्त वेगानं बुडेल. परदेशी तक्त्यातला वेग जसाच्या तसा उचलून विदर्भातल्या तलावाला लावलेले प्रोजेक्ट रिपोर्ट मी पाहिले आहेत. तापमानाची दुरुस्ती करायला एक भागाकार पुरतो, पण तो कोणी करत नाही.

सूत्र गुळगुळीत, गोल, निर्जीव गोळीसाठी आहे, आणि खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते. डायटमचं कवच सिलिकाचं असतं, पाण्याच्या सुमारे दुप्पट घनतेचं. असं ओझं अंगावर घेऊन वर राहायचं म्हणजे काही तरी तजवीज हवी. काही डायटम ताऱ्याच्या आकाराच्या वसाहती करतात, काहींना लांब काटे असतात, काही अंगातून कायटिनचे बारीक धागे बाहेर काढतात. धाग्यांमुळे पाण्याचा अडथळा वाढतो. १९७७ साली दोन संशोधकांनी एका डायटमचे हे धागे विकर वापरून विरघळवले आणि वेग पुन्हा मोजला, तर तो चांगलाच वाढलेला निघाला. वजन काढून घेतल्यावर वेग वाढला, हे वाचताना विचित्र वाटतं. पण त्या धाग्यांचं काम ब्रेकचं होतं, आणि ब्रेकच काढून टाकला होता.

याशिवाय पेशी जिवंत आहे हा मोठाच घोटाळा. खाऊन-पिऊन वाढत असलेली डायटमची पेशी सावकाश बुडते. नायट्रोजन किंवा सिलिका संपत आलं, पेशी म्हातारी झाली किंवा मेली, की तीच पेशी त्याच आकारात जास्त वेगानं खाली जाते. म्हणजे आज सकाळी मोजलेला आकडा चार दिवसांनी त्याच तलावातल्या त्याच जातीला लागू पडेल याची खात्री नाही.

बरं, बुडणं ही निव्वळ आपत्तीही नाही. एका जागी स्थिर राहिलेल्या पेशीभोवतीचं पाणी लवकरच खंगतं, त्यातले पोषक क्षार पेशीनंच संपवलेले असतात. थोडं खाली सरकलं की नवं पाणी अंगाला लागतं. वॉल्टर मंक आणि गॉर्डन रायली यांनी १९५२ साली याचं गणित मांडलं होतं. अगदी लहान पेशींना याचा फारसा उपयोग नाही, मोठ्या पेशींना आहे.

निळ्या-हिरव्या शेवाळाची तऱ्हा वेगळीच. मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींत प्रथिनांच्या भिंतींच्या अतिसूक्ष्म नळकांड्या असतात आणि त्यांत वायू भरलेला असतो. त्यांच्या जोरावर पेशी पाण्याहून हलकी होते आणि वर येते. उन्हाळ्यात तलावाच्या काठाला सकाळी सकाळी दिसणारा हिरवा, वास मारणारा तवंग तो हाच. दिवसा ऊन मिळालं की पेशीत कर्बोदकं साठतात, वजन वाढतं आणि पेशी खाली जाऊ लागते. रात्रभरात ती कर्बोदकं खर्च होतात आणि पहाटे पुन्हा वर. एकाच पेशीचा वेग दुपारी खालच्या दिशेनं आणि पहाटे वरच्या दिशेनं. नमुना किती वाजता घेतला हे वहीत लिहिलेलं नसेल तर अशा मोजमापाला अर्थ नाही.

या वायूच्या नळकांड्या दाखवून देणारा प्रयोग १८९५ सालचा आहे, जर्मन शास्त्रज्ञ क्लेबान यांचा, आणि त्याला लागतं काय तर बाटली, बूच आणि हातोडा. तवंग असलेलं पाणी जाड काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचं. आत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. घट्ट बूच बसवायचं आणि बुचावर हातोडीचा एकच नेमका ठोका. पाणी दबत नाही, त्यामुळे ठोक्याचा दाब क्षणात बाटलीभर पसरतो आणि नळकांड्या चेपून बसतात. ते डोळ्यांना दिसतं: आधीचं दुधट, फिकट हिरवं पाणी एकदम गडद आणि आरपार दिसणारं होतं, कारण प्रकाश विखुरणाऱ्या त्या वायूच्या पोकळ्या उरलेल्याच नसतात. शेजारी ठोका न दिलेली दुसरी बाटली ठेवायची. काही वेळानं ठोका न दिलेल्या बाटलीत हिरवा थर बुचाखाली जमतो, ठोका दिलेल्या बाटलीत तळाशी. (करून बघणार असाल तर बाटली जाड फडक्यात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. काच फुटते.)

आता दुसरा प्रश्न, मोजायचं कसं. मनात पहिल्यांदा येतं ते मायक्रोस्कोप आडवा करून एक पेशी खाली जाताना बघायची, अंतर भागिले वेळ. असं करतातही. आता कॅमेरा आणि कॉम्प्युटर असल्यानं एकेका पेशीचा माग ठेवता येतो. पण ते कुपीएवढं भांडं, त्याच्या भिंतींचा पेशीला होणारा अडथळा, दिव्याची उष्णता हे सगळं सांभाळावं लागतं, आणि उत्तर मिळतं ते मोजक्या पेशींचं. तलावातल्या सरमिसळीचं नाही.

म्हणून जगभर जी पद्धत रुळली ती साधी नळीची. हवाईत काम करणारे पॉल बीनफँग यांनी १९८१ साली ती मांडली. सेटकॉल हे तिचं नाव. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच तंत्रदृष्ट्या सोपी आणि भरवशाची अशी तिची ओळख करून दिलेली आहे. सोपी आहे यात वाद नाही.

अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक नळी, साधारण अर्धा मीटर उंच, उभी बसवलेली. वरचा भाग, मधला मोठा भाग आणि तळचा छोटा भाग, तिघांना वेगवेगळ्या तोट्या. तलावाचं पाणी हलक्या हातानं ढवळून एकसारखं करायचं आणि नळी पटकन काठोकाठ भरायची. त्याच पाण्यातलं थोडं सुरुवातीच्या मोजणीसाठी बाजूला काढायचं. झाकण लावायचं, काळ्या कापडानं झाकायचं आणि दोन-तीन तास हात लावायचा नाही. वेळ झाली की आधी वरच्या तोटीतून पाणी काढायचं, मग मधल्या, शेवटी तळाच्या. हा क्रम उलटा केला तर तळाशी बसलेला माल ढवळून निघतो आणि सगळं मुसळ केरात. तिन्ही भागांचं पाणी वेगवेगळं गाळायचं, गाळणकागदावरचं हरितद्रव्य ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये उतरवायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायचं. कुठल्या भागात किती हिरवं आहे ते कळलं.

आता हिशेब. सुरुवातीला पेशी नळीभर सारख्या पसरलेल्या होत्या. तीन तासांनंतर, समजा, तळच्या भागात आधी होत्या त्याखेरीज एकूण पेशींपैकी ५ टक्के नव्यानं येऊन पडल्या. म्हणजे नळीच्या उंचीच्या ५ टक्के अंतरातला माल खाली आला. नळी ४५ सेंटिमीटरची असेल तर ते अंतर सव्वादोन सेंटिमीटर. तीन तासांत सव्वादोन, तर चोवीस तासांत अठरा. वेग दिवसाला ०.१८ मीटर. एकाही पेशीकडे न बघता, तिचा आकार, घनता, धागे यांतलं काहीही न विचारता उत्तर हाती आलं. मला या पद्धतीत आवडतं ते एवढंच, की ती स्टोक्सच्या सूत्राकडे काही मागायला जात नाही.

कागदावर हे एवढं सरळ आहे. लॅबमध्ये मात्र नळीतलं पाणी निश्चल ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम. सेकंदाला दोन-तीन मायक्रॉनचा वेग मोजायचा आहे, आणि नळीच्या दोन बाजूंमध्ये अंशाच्या दहाव्या भागाचा फरक पडला तरी तापलेल्या बाजूनं पाणी वर आणि गार बाजूनं खाली फिरू लागतं. त्या प्रवाहाचा वेग पेशीच्या वेगाच्या शंभर-शंभर पट होऊ शकतो. नागपुरातली मे महिन्यातली लॅब डोळ्यांसमोर आणा: एका बाजूला दुपारच्या उन्हानं तापलेली खिडकीची काच, दुसऱ्या बाजूनं वाळ्याच्या ताट्यांमधून ओला गार वारा फेकणारा कूलर, आणि बरोबर मधल्या टेबलावर नळी.

उपाय म्हणजे नळीला पाण्याचं वेष्टण. तयार नळ्यांना दुहेरी भिंत असते आणि मधून ठरावीक तापमानाचं पाणी फिरवतात. ती सोय नसेल तर मोठा प्लॅस्टिकचा पिंप आदल्या रात्रीच भरून लॅबमध्ये ठेवायचा, त्यात नळी गळ्यापर्यंत बुडवून उभी करायची, खिडकीला पुठ्ठा लावायचा आणि कूलर बंद. शेवटच्या सूचनेवर बॅचमधून हमखास कोणी तरी म्हणतं, "सर, शेवाळ खाली जाऊन नाही राहिलं, आपणच गळून राहिलो." तक्रार रास्त आहे. पण कूलर बंदच राहतो.

पाणी खरंच स्थिर आहे का, हे तपासायची एक स्वस्त युक्ती आहे. तशीच दुसरी नळी साध्या पाण्यानं भरून त्याच पिंपात उभी करायची आणि पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक खडा वरून सोडायचा. खाली जाताना तो मागं जांभळी रेघ सोडतो. ती रेघ बराच वेळ सरळ उभी राहिली तर ठीक. ती वाकली, बाजूला वाहत गेली, भिंतीपाशी वर चढू लागली, तर शेवाळाच्या नळीतही तेच चाललंय असं समजायचं आणि तो आकडा टाकून द्यायचा. कितीही सुंदर आला असला तरी.

बाकीचे खोडे छोटे आहेत पण नडतात. फ्रिजमधून काढलेलं पाणी लगेच नळीत भरलं तर ते तापताना त्यातून हवेचे बुडबुडे सुटतात आणि पेशींना चिकटून त्यांना वर नेतात. नळी उजेडात ठेवली तर प्रकाशसंश्लेषणाचा ऑक्सिजन तेच काम करतो, म्हणून काळं कापड. पण अंधारात फार वेळ ठेवलं तर पेशींची तब्येत बदलते आणि तिच्याबरोबर वेगही, म्हणून दोन-तीन तास. युग्लिनासारखे शेपटीवाले सजीव पोहून हवं तिथं जातात, त्यांना हे गणित लागूच नाही. आणि लुगॉलचं आयोडीन, जे प्रत्येक लॅबमध्ये नमुना टिकवायला हाताशी असतं, ते इथं आधी टाकलं की सगळं संपलं. त्यानं पेशी मरते आणि जड होते.

गंमत म्हणजे हेच आयोडीन शेवाळ मोजणाऱ्यांना वरदान वाटतं. हान्स उटेरमोल यांच्या पद्धतीत नमुन्यात लुगॉल घालून तो उभ्या कुपीत ठेवतात, सगळ्या पेशी तळाच्या काचेवर बसू देतात आणि मग खालून बघणाऱ्या, उलट्या मायक्रोस्कोपनं मोजतात. तिथं पेशी लवकर बुडावी अशीच इच्छा असते. सेटकॉलवाला आणि उटेरमोलवाला एकाच बाटलीतून पाणी घेऊ शकत नाहीत.

सेटकॉलच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. हरितद्रव्यावरून काढलेला वेग ही सगळ्या जातींची मिळून सरासरी असते, आणि सरासरी फसवते. नळीत एकीकडे मेलोसिरासारखे जड डायटम खाली जातात, दुसरीकडे मायक्रोसिस्टिस वर चढतं, आणि दोघांचं मिळून उत्तर शून्याजवळ येतं. पाण्यात काहीच हालत नाही असा निष्कर्ष काढून मोकळं व्हायला तेवढं पुरतं. म्हणून वरच्या आणि तळच्या भागातलं थेंबभर पाणी सेजविक-राफ्टर काचेवर घेऊन जातवार मोजणी करायची. कंटाळवाणं काम आहे, मान दुखते, पण प्रत्येक जातीचा वेग वेगळा काढता येतो.

तलाव म्हणजे नळी नव्हे, हे शेवटी सांगावंच लागतं. वारा पाणी ढवळतो, रात्री वरचं पाणी गार होऊन खाली उतरतं. तीन मीटर खोल निश्चल पाण्यात दिवसाला ०.२४ मीटरनं जाणाऱ्या सगळ्या पेशी साडेबारा दिवसांत तळाला लागतील. तेच पाणी सतत ढवळलं जात असेल तर पेशी रोज पुन्हा वर फेकल्या जातात आणि फक्त तळालगत आलेल्या बसतात. मग रोज उरलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के घटतात, आणि ९९ टक्के पेशी जायला साडेबाराऐवजी जवळपास ५७ दिवस लागतात. तेवढ्या काळात, खायला मिळालं तर, एक-दोन दिवसांत दुप्पट होणारी जात तलाव कितीदा तरी भरून टाकेल. वारं पडलं की पारडं फिरतं. ढवळण्यावर जगणारे डायटम मागं पडतात आणि स्वतः वर येऊ शकणाऱ्या निळ्या-हिरव्या मंडळींचं फावतं.

समुद्राचं गणित तर नळीतल्या आकड्यानं जुळतच नव्हतं. दिवसाला ०.२४ मीटरनं तीन किलोमीटर खोल जायला एका पेशीला चौतीस वर्षं लागावीत. वाटेत ती खाल्ली जाईल नाही तर कुजेल. पण १९८३ साली ईशान्य अटलांटिकमधून छायाचित्रांसह बातमी आली की वसंतात वर शेवाळ फुललं, की काही आठवड्यांत खोल समुद्राच्या तळावर हिरवट गाळाचा थर येऊन पडतो, आणि त्यात ओळखू येतील अशा पेशी असतात. हिशेब दिवसाला शंभर मीटरच्या घरात गेला. उत्तर त्रिज्येच्या वर्गात होतं. पेशी एकमेकींना चिकटून मिलिमीटरभर ते सेंटिमीटरभर पुंजके करतात, किंवा कोळंबीच्या जातीचे बारीक जीव त्यांना खाऊन लेंड्या टाकतात, आणि हा ऐवज झपाट्यानं उतरतो. पुंजका पोकळ, पाणी धरून ठेवणारा असतो, त्यामुळे वेग पूर्ण वर्गाच्या हिशेबानं वाढत नाही. तरी पुरेसा वाढतो. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांबरोबर १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर नरसाळ्यासारखे सापळे टांगले. ठरावीक दिवसांनी खालचा कप बदलतो आणि तेवढ्या काळात पडलेला गाळ वेगळा राहतो. मान्सूनच्या वाऱ्यांच्या महिन्यांत कप जास्त भरतात, हे त्यातून समोर आलं.

पेशींना एकत्र बांधायचं आणि मग बुडवायचं, हीच युक्ती नागपूरकरांच्या नळापर्यंत येणाऱ्या पाण्यावर रोज वापरली जाते. पेंच धरणाचं पाणी गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होतं. अशा केंद्रांतल्या गाळ बसवायच्या टाक्यांचं गणित अ‍ॅलन हेझन यांनी १९०४ साली मांडलं: टाकीत दिवसाला किती घनमीटर पाणी येतं त्याला टाकीच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरनं भागा. जे उत्तर येतं त्याचं एकक मीटर प्रतिदिन, म्हणजे चक्क बुडण्याचा वेग. त्याहून सावकाश बुडणारे कण पूर्णपणे अडत नाहीत, पाण्याबरोबर पुढं जातात. नेहमीच्या टाक्यांमध्ये हा आकडा ३० ते ४० मीटरच्या आसपास ठेवतात. शेवाळाच्या एकट्या पेशीचा वेग त्याच्या शंभराव्या भागाहून कमी, म्हणजे नुसती टाकी बांधून ती अडणार नाही. म्हणून तुरटी किंवा तिच्या जातीचं रसायन. त्यानं पेशी, माती, सगळं मिळून गुठळ्या होतात आणि गुठळ्यांना टाकीचा वेग गाठता येतो. पाण्याचा विषय निघाला की या शहरात १९५८ पासून असलेल्या नीरीचं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं, नाव निघतंच. नीरीच्या कामाशी ओळख असलेल्या कोणालाही हे एकक पाठ असतं, पण तलावावर काम करणारे आणि टाक्या बांधणारे एकमेकांचे आकडे क्वचितच बघतात.

मायक्रोसिस्टिस इथंही डोकेदुखी होते. तुरटीची गुठळी झाली तरी आतला वायू तिला वर ओढतो. नळकांड्या मोडाव्यात म्हणून वाट्टेल तसा मारा केला तर पेशीच फुटण्याची भीती, आणि तिच्यातलं मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष पाण्यात मिसळतं. पिण्याच्या पाण्यात त्याच्या एका मुख्य प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरला १ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवलेली आहे. म्हणून अशा पाण्यासाठी काही ठिकाणी बुडवायचा नादच सोडतात. दाबाखाली हवा विरघळवलेलं पाणी टाकीत खालून सोडतात, त्यातून सुटलेले बारीक बुडबुडे गुठळ्यांना चिकटून त्यांना वर आणतात, आणि वर जमलेला थर खरवडून काढतात. या टाक्यांचा आकडाही मीटरमध्येच सांगतात, साधारण तासाला ५ ते १५, फक्त दिशा वरची.